गौहर जान : तीन मिनिटांचे गाणे आणि शेवटची ती आरोळी

भारतीय ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात गौहर जान हे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. मराठी वाचकाला गौहर म्हटले की बालगंधर्वांच्या आयुष्यात आलेल्या गोहरबाई कर्नाटकी आठवतात, त्या निराळ्या. ही गौहर कोलकात्याची आणि त्यांच्याही आधीच्या पिढीतली. तिच्या जुन्या तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात आणि त्या ऐकणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते. भैरवीतील ठुमरी रंगात आलेली असते, आवाज तिन्ही सप्तकांत लीलया फिरत असतो, अखेरची तान समेवर येते न येते तोच ही बाई चढ्या सुरात, तेही इंग्रजीतून, आपले नाव पुकारते. गाण्याचा सारा भाव त्या एका आरोळीने विस्कटून जातो. साथीदारांची सारंगी अजून थांबलेलीही नसते.

ही तक्रार खोटी नाही. कोणी कितीही कौतुकाने सांगितले तरी त्या दोन-तीन सेकंदांनी अनेक सुंदर चिजांचा शेवट बिघडवला आहे, हे मान्य करावेच लागेल. मात्र ती आरोळी तेथे का आली आणि ती देणारी स्त्री कोण होती, हे जाणून घेतले तर चीड थोडी निवळते.

२६ जून १८७३ रोजी आझमगड येथे जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव अँजेलिना येवर्ड. वडील रॉबर्ट येवर्ड हे आर्मेनियन वंशाचे, तर आई व्हिक्टोरिया भारतातच जन्मलेली आणि गाण्याची जाण असलेली. हा संसार फार काळ टिकला नाही. १८७९ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले. मुलीला घेऊन व्हिक्टोरिया बनारसला आली, तेथे तिने इस्लाम स्वीकारला आणि ती मलका जान झाली. अँजेलिनाची गौहर झाली ती याच वेळी. बनारसच्या कोठ्यांवर मलका जानने नाव कमावले आणि १८८३ च्या सुमारास मायलेकी कोलकात्यास गेल्या. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांनी मटियाबुर्ज येथे वसवलेल्या दरबारामुळे उत्तरेतील गवई, नर्तक आणि तवायफा तेव्हा त्या शहराकडे वळल्या होत्या. चितपूर मार्गावर मलका जानने स्वतःचे घर घेतले. एकट्या स्त्रीने गाण्याच्या कमाईवर उभे केलेले ते घर पुढे कोर्टकज्जांचे कारण ठरणार होते.

गौहरच्या तालमीत आईने कसूर केली नाही. पतियाळाचे काले खाँ, रामपूरचे वजीर खाँ यांच्याकडून गाणे, बिंदादीन महाराजांकडून कथक, बंगाली कीर्तन निराळ्या गुरूकडून. 'हमदम' या नावाने ती स्वतः गझलाही रचत असे. १८८७ मध्ये दरभंग्याच्या दरबारात तिची पहिली मैफल झाली आणि त्यानंतरच्या दशकात कोलकात्यातील धनिकांच्या बैठकी तिच्यावाचून अपुऱ्या वाटू लागल्या.

१९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग हे कोलकात्यात दाखल झाले. पूर्वेकडील गायकांचे आवाज मुद्रित करून ते बाजारात आणावयाचे, ही त्यांची मोहीम. नोव्हेंबरमध्ये एका हॉटेलातील खोलीत तात्पुरती सोय करण्यात आली आणि गौहर तेथे आली ती उंची वस्त्रे व दागिन्यांनी मढून. दर खेपेला तिचा पेहराव नवा असे, याची गैसबर्ग यांना पुढे अनेक वर्षांनीही आठवण होती.

मायक्रोफोन तेव्हा नव्हता. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण यायला १९२५ साल उजाडावे लागले. भिंतीतून पुढे आलेल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायकाने जोर लावून गावयाचे, त्या आवाजाने दुसऱ्या टोकाची सुई थरथरायची आणि फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. मान जरा वळली की आवाज गेला. त्यात वेळ मोजका, दहा इंची तबकडीला जेमतेम तीन मिनिटे. रात्र-रात्र चालणाऱ्या मैफलींवर पोसलेल्या खाँसाहेबांना हा प्रकार अपमानास्पद वाटे. गौहरने मात्र ती अडचण ओळखून तिच्यावर मात केली. आलापी दोन-चार स्वरांत आटोपायची, अस्ताई-अंतरा झटपट मांडायचा, मग द्रुत लयीत मोजक्या पण धारदार ताना आणि समाप्ती. रागदारीला तीन मिनिटांत बसवण्याचा जो साचा पुढची कित्येक वर्षे देशभरच्या गायकांनी वापरला, तो घडवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

आता त्या आरोळीविषयी. हे मेणाचे मूळ ठसे जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तबकड्या तेथे छापल्या जात आणि तयार माल पुढील वर्षी हिंदुस्थानात येई. हॅनोव्हरच्या कारखान्यातील कामगारांना ठुमरी कळत नव्हती, कजरी कळत नव्हती आणि कोणता आवाज कोणाचा हे सांगायला तेथे कोणी नव्हते. तेव्हा गायकानेच गाणे संपताच आपले नाव सांगावे अशी प्रथा पडली. चढा सूर कर्ण्यामुळे आणि इंग्रजी ही परदेशी कामगारांसाठी. जानकीबाई अलाहाबादी यांच्या तबकड्यांवरही अशी नामघोषणा आढळते. १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला आणि या घोषणेचे मूळ कारण सरले. प्रथाही हळूहळू मागे पडली. पण तोवर ती गौहरची ओळखच बनून गेली होती. ग्रामोफोनचे यंत्र खेड्यापाड्यांत पोहोचले, तसे ज्यांना तिच्या मैफलीची पायरीही चढता आली नसती त्यांना तिचे नाव तिच्याच तोंडून ऐकायला मिळाले. काड्यापेट्यांवर तिची छबी छापली जाऊ लागली, असे सांगतात. सुमारे सहाशे गाणी तिने मुद्रित केली. बंगाली, हिंदुस्थानी, गुजराती, फारसी, इंग्रजी अशा दहाहून अधिक भाषा त्यांत आहेत; मराठीही त्यांत आहे.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहांसमोर जानकीबाईंसह तिचे गाणे झाले. ऐश्वर्याच्या कथांना तर सुमार नाही. मांजरीला पिले झाली म्हणून दिलेली हजारो रुपयांची मेजवानी, शहरात चार घोड्यांची बग्गी हाकल्याबद्दल भरलेला दंड वगैरे. त्यांतल्या किती खऱ्या हे तपासण्याच्या फंदात न पडलेले बरे. गांधीजींनी स्वराज्य निधीसाठी तिच्याकडे मदत मागितली, तिने आपल्या मैफलीस ते स्वतः हजर राहावेत अशी अट घातली, ते येऊ शकले नाहीत आणि निधी नेण्यास मौलाना शौकत अली आले तेव्हा तिने जमलेल्या रकमेपैकी निम्मीच हाती ठेवली, ही गोष्टही अशीच सांगितली जाते. शब्दाला शब्द, असा तिचा रोखठोक हिशेब त्यातून दिसतो.

या झगमगाटाच्या आड जे घडत होते ते निराळे होते. १९०६ मध्ये आई गेली. मुंबईच्या पारशी रंगभूमीवरील नामवंत नट अमृत केशव नायक यांच्याशी तिचे सूर जुळले होते; १९०७ मध्ये ऐन तिशीत त्यांचे अकाली निधन झाले. त्याच सुमारास घरात दासीच्या पोटी जन्मलेल्या आणि तेथेच वाढलेल्या एका तरुणाने न्यायालयात दावा लावला. मलका जानचा खरा वारस आपण असून गौहर ही औरस संतती नव्हेच, असे त्याचे म्हणणे. हजारो घरांत जिचे नाव रोज निनादत होते, तिला आपण कोणाची कोण हे न्यायाधीशांपुढे सिद्ध करावे लागले. त्यासाठी लहानपणीच दुरावलेल्या वडिलांचा शोध घेऊन त्यांना साक्षीस आणण्याची वेळ तिच्यावर आली. दावा ती जिंकली. पुढे आपल्याहून वयाने लहान असलेल्या सचिवाशी तिने केलेला विवाहही विश्वासघात आणि खटले यांतच संपला. वकील, तारखा आणि गोतावळा यांत कमाईचा मोठा हिस्सा गेला, चितपूर मार्गावरचे वैभवही ओसरले.

अखेर म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी तिला आश्रय दिला. १ ऑगस्ट १९२८ पासून दरमहा ५०० रुपये वेतनावर दरबारी गायिका म्हणून तिची नेमणूक झाली. ही रक्कम एरवी कोणा गवयाला कमी वाटली नसती. पण एकेका मैफलीला हजार रुपये बिदागी घेणारी म्हणून जिचा लौकिक होता, तिची ती महिन्याची मिळकत होती. प्रकृती खालावली होती, मनही रमले नाही. दीड वर्षही पुरते झाले नव्हते, तोच १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूर येथे तिचे निधन झाले.