वाऱ्याचा हिशेब मांडणारा माणूस

बँकेच्या महागाव शाखेत माझी बदली झाली तेव्हा माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती. वसुलीसाठी कधी आर्णीच्या, कधी उमरखेडच्या रस्त्याने जावे लागे. समोरून भरधाव ट्रक आला की आधी वाऱ्याचा धक्का बसून स्कूटर कडेला ढकलली जायची, आणि ट्रक गेला की कोणी सदरा धरून ओढावे तशी आत खेचली जायची. मागे बसलेले शिपाईकाका दर वेळी देवाचे नाव घेत. ट्रक वारा फाडत जातो आणि त्याच्या पाठीशी पोकळी पडते, एवढे शाळेतले विज्ञान मला ठाऊक होते. पण या धक्क्याचे आणि ओढीचे माप काढण्यात एका माणसाने उमेदीची वर्षे घातली आणि त्यापायी अख्खी मोटार मावेल असा वाऱ्याचा बोगदा, म्हणजे विंड टनेल, उभारला, हे निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले.

त्याचे आडनाव काम. मराठी माणसाला हसू येईल, पण गृहस्थ आडनावाला जागले. वुनिबाल्ड काम यांचा जन्म २६ एप्रिल १८९३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे झाला. जर्मनीतल्या श्टुटगार्टला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते डायम्लर कंपनीत लागले. (याच घराण्याचा तारा आमच्या लहानपणी टाटांच्या ट्रकवर असे, तो करार १९५४ चा.) १९२० च्या दशकात त्यांनी एक मोटार आखली : वेगळी चौकट नाही, अंग अ‍ॅल्युमिनियमचे, ओढ पुढच्या चाकांची. तिचे जेमतेम तीन नमुने बनले. आजच्या बहुतेक लहान गाड्या चौकटीविना, पुढच्या चाकांच्या ओढीवरच चालतात. ती मात्र बाजारात आलीच नाही.

१९३० मध्ये ते श्टुटगार्टला प्राध्यापक झाले आणि मोटारींच्या संशोधनाची संस्था त्यांच्या हाती आली. त्याच दशकात आपले कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतीचा अभ्यास करीत होते. १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि पुढे एचटी-२ हे भारतीय बनावटीचे विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली घडले. विमानांसाठी बोगदे तेव्हा होतेच. काम यांचा आग्रह असा की, मोटारीलाही वाऱ्याचे शास्त्र हवे.

गोष्ट साधी आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला इंजिनाची शक्ती आठपट लागते. पाण्याच्या थेंबाचा आकार वाऱ्याला सर्वांत कमी अडवतो, असे पॉल याराय यांनी आधीच मांडले होते. पण थेंबाला शेपूट लांब. तशी गाडी गल्लीत वळवायची कशी? काम यांच्या संस्थेने दाखवले की छप्पर हळूहळू उतरते ठेवून शेपूट मध्येच मुळ्यासारखे सपकन छाटले तरी बहुतेक लाभ हाती राहतो. त्या काळच्या साध्या मोटारींचा विरोधांक ०.५ च्या वर असे. या प्रायोगिक गाड्यांनी तो पाव एककाच्या आसपास आणला. छाटलेल्या पाठीला जगभर ‘कामची शेपटी’ म्हणतात.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. कारण मूळ कल्पना राइनहार्ड फॉन क्योनिग-फाक्सेनफेल्ड या दुसऱ्या अभियंत्याची होती. मोजून, पडताळून, गाड्या बनवून ती सिद्ध केली काम यांच्या संस्थेने. ठेव एकाची, पासबुक दुसऱ्याच्या नावे! काम यांचे श्रेय खोटे नाही, पण ते सगळे त्यांचे नव्हते.

लहान नमुन्यांवर मात्र भागेना. आरसे, दारांच्या फटी, गाडीची तळबाजू, रेडिएटरमधून जाणारी हवा हे सारे छोट्या प्रतिकृतीत हुबेहूब उतरत नाही. म्हणून पूर्ण आकाराच्या गाडीचा बोगदा. प्रचंड पंखा, वळून पुन्हा त्याच पंख्याकडे येणारा वारा आणि मधल्या दालनात तराजूवर चार चाके टेकून उभी असलेली मोटार. गाडी जागची हलत नाही, वारा धावतो आणि तराजू त्याची ओढ सांगतो. श्टुटगार्टच्या उंटरट्युर्कहाइम भागात १९३९ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. मोटारीच्या पहिल्या मापनाची नोंद फेब्रुवारी १९४३ ची आहे. तेव्हा त्या देशात खाजगी गाडीला पेट्रोल मिळत नव्हते! बोगदा लष्कराच्या विमानांच्या कामी लागला. हे झाकायचे कारण नाही : नाझी राजवटीचा पैसा आणि लष्करी कामे यांवरच ती संस्था फुगली होती. शास्त्रज्ञाला पैसा कुठून येतो हे कळत नव्हते, असे मला तरी म्हणवत नाही.

युद्ध हरल्यावर जेते त्यांना अमेरिकेला घेऊन गेले. डेटनजवळचे राइट फील्ड, मग न्यू जर्सीतली स्टीव्हन्स संस्था. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने परक्या देशात नव्याने मांडलेला संसार तो. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ते परतले, पण आपल्या बोगद्याकडे नव्हे, तर फ्रँकफर्टच्या बाटेल संस्थेत. ११ ऑक्टोबर १९६६ रोजी श्टुटगार्टला त्यांचे निधन झाले.

त्यांचा बोगदा १९७० च्या दशकात डायम्लर-बेंझने घेतला. वाऱ्याची ओढ कमी झाली तशी वाऱ्याची कुरकुर कानावर येऊ लागली, कारण इंजिने शांत झाली होती. मग बोगद्यांच्या भिंतींना आवाज गिळणारी अस्तरे आली, म्हणजे पंख्याची घरघर मापात मिसळू नये. गाडीत बसवलेल्या पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन असतात. कुठल्या फटीतून शीळ वाजते ते तो ‘ऐकतो’.

मागच्या दिवाळीत मुलाच्या गाडीतून महागाववरून गेलो. रस्ता आता चौपदरी झाला आहे. काचा बंद होत्या. शेजारून एक कंटेनर गेला, बारीकसा हेलकावा बसला. मागच्या सीटवर नात झोपली होती, ती तशीच झोपून राहिली.