ऐदाबची ओसाड वाट : इब्ने बतूता यांचा पहिला हजप्रवास



हज हा इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. मात्र कुरआनच्या सूरह आलि-इमरानमध्ये या कर्तव्यासोबत जी अट घातलेली आहे, तिच्यापाशी आपण क्वचितच थांबतो. अल्लाहच्या घरापर्यंत जाण्याची वाट ज्याच्या सामर्थ्यात आहे, त्याच्यावरच हज अनिवार्य आहे. धर्मशास्त्रज्ञांनी या सामर्थ्याला 'इस्तिताअत' म्हटले आणि शरीराचे आरोग्य, प्रवासाचा खर्च, मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या उदरनिर्वाहाची तरतूद व वाटेची सुरक्षितता अशा बाबी तिच्यात मोजल्या. म्हणजे वाट हा हजच्या चर्चेतला दुय्यम विषय नसून तो प्रत्यक्ष कर्तव्याच्या अटीतच समाविष्ट आहे.

आज आपण अर्ज भरतो, सोडतीत नाव येण्याची प्रतीक्षा करतो आणि विमानाने काही तासांत जिद्द्याला उतरतो. त्यामुळे वाट निवडण्याचा प्रश्न आपल्यासमोर उभाच राहत नाही. तरीही अलीकडे काही तरुणांच्या मनात गर्दीपासून दूर, एखाद्या अनवट वाटेने पायी हजला जाण्याची ओढ दिसते. ही ओढ निंद्य नाही. परंतु तिच्यात इबादत किती आणि आपल्या मनाची हौस किती, हे तपासण्यासाठी एका थोर प्रवाशाचे चरित्र आपल्याला फार उपयोगी पडेल.

तंजाचा तरुण

अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्ने बतूता यांचा जन्म मोरोक्कोतील तंजा शहरी हिजरी 703 मध्ये, म्हणजे इ.स. 1304 मध्ये झाला. घराणे काझींचे होते आणि त्यांचे शिक्षण मालिकी धर्मशास्त्राचे झाले होते. हिजरी 725 च्या रजब महिन्यात, जून 1325 मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी ते हजच्या निय्यतीने घराबाहेर पडले. सोबत ना मित्र होता, ना काफिला. आईवडील दोघेही हयात होते आणि त्यांचा वियोग मुलाला व त्यांना सारखाच जड गेला.

आपण इब्ने बतूतांना जगप्रवासी म्हणून ओळखतो, पण त्यांच्या पहिल्या महिन्यांचे चित्र फार वेगळे आहे. बिजाया येथे त्यांना तापाने गाठले. बरे होईपर्यंत थांबावे असा सल्ला सोबत्याने दिला, पण मरण यायचेच असेल तर ते हिजाजच्या दिशेने चालताना यावे, असे म्हणून त्यांनी नकार दिला. तेव्हा जड सामान आणि वाहन विकून टाकावे व हलके होऊन चालावे, असे त्यांना सुचवण्यात आले आणि ते त्यांनी मानले. पुढे अशक्तपणामुळे खाली पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने ते स्वतःला खोगिराशी बांधून घेत. ट्यूनिसला पोहोचल्यावर शहरातील लोक काफिल्यातील आपापल्या ओळखीच्यांना सलाम करू लागले. या परक्या तरुणाकडे मात्र कोणीही वळले नाही आणि त्यांचे डोळे भरून आले. एका हाजीच्या ते लक्षात आले. त्याने जवळ येऊन आपुलकीने विचारपूस केली आणि तो त्यांच्याशी बोलत राहिला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. जगाच्या इतिहासातील एका महान प्रवाशाला पहिल्या टप्प्यावर सावरले ते एका अनोळखी मुसलमानाच्या सलामाने. आपल्या मस्जिदीत नवा चेहरा दिसल्यास आपण काय करतो, याचा विचार करावयास हे पुरेसे आहे.

ट्यूनिसहून निघालेल्या हजच्या काफिल्याने या तरुणाला आपला काझी नेमले. 1326 च्या वसंतात ते इस्कंदरियाला आणि तेथून काहिऱ्याला पोहोचले.

दोन वाटा

काहिऱ्याहून मक्केकडे जाण्यासाठी एक राजमार्ग होता. मिसरचा सरकारी काफिला शव्वाल महिन्यात निघे आणि सीना प्रदेश ओलांडून, अकबामार्गे हिजाजमध्ये उतरे. त्याच्यासोबत सैन्य, पाणी आणि अमीरुल-हज असे. शव्वालला मात्र अजून काही महिने अवकाश होता. दुसरी वाट दक्षिणेची होती. नील नदीच्या काठाकाठाने वरच्या मिसरात जायचे, एद्फूजवळ नदी ओलांडायची, उंटांवरून पंधरा दिवसांचे वाळवंट कापून तांबड्या समुद्रावरील ऐदाब बंदर गाठायचे आणि गलबताने पलीकडे जिद्द्याला उतरायचे.

या वाटेचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. सलीबी युद्धांच्या काळात सीनाची वाट असुरक्षित झाली, तेव्हा सुमारे दोनशे वर्षे मिसर आणि मगरिबचे हाजी ऐदाबमार्गेच जात. अंदलुसचे प्रवासी इब्ने जुबैर 1183 मध्ये याच वाटेने गेले होते. तेथील गलबते खिळ्यांविना, नारळाच्या काथ्याने शिवलेली असत आणि त्यांचे लाकूड भारत व यमनमधून येई. नावाडी लोभापायी हाजींना खुराड्यातील कोंबड्यांप्रमाणे कोंबत, ही त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. पुढे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतान बैबर्सच्या काळी सीनाची वाट पुन्हा सुरू झाली आणि हाजींचा ओघ तिकडे वळला. इब्ने बतूता आले तेव्हा ऐदाबची वाट शांत झालेली होती. त्यांनी तीच निवडली.

मुळशी खोऱ्यात राहणाऱ्या वाचकांना अशी निवड चटकन समजेल. पौडहून ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरणारा डांबरी रस्ता पावसाळ्यात वाहनांनी फुलून जातो, तर तैलबैल्याजवळून कोकणात उतरणारी सवाष्णी घाटाची पायवाट ओसच असते. ओस वाट मनाला ओढते, पण मावळातील जाणता माणूस तिच्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी विचारतो की वाटेत पाणी आहे काय, दरड कोसळली नाही ना आणि वाट खालपर्यंत शाबूत आहे ना. वाटेची शांतता वेगळी आणि वाटेची शाश्वती वेगळी.

बंद झालेली वाट

नीलच्या काठाने जाताना हू नावाच्या गावी इब्ने बतूता एका सय्यद बुजुर्गांना भेटले. या वाटेने तुम्ही मक्केला पोहोचणार नाही, परत फिरा, तुमचा पहिला हज शामच्या वाटेने होईल, असे त्या बुजुर्गांनी सांगितले. तरुण इब्ने बतूतांनी ते मनावर घेतले नाही आणि ते पुढे चालत राहिले. वाळवंटात हुमैसरा येथे त्यांनी मुक्काम केला. ज्यांच्या नावाने शाजिली सिलसिला ओळखला जातो, ते इमाम अबुल हसन शाजिली (रह.) 1258 मध्ये हजला जात असताना येथेच अल्लाहला प्यारे झाले होते. त्या रात्री तरसांनी तळावर फेऱ्या घातल्या आणि सामानातील खजुरांची एक पिशवी फाडून बरीचशी खजूर फस्त केली.

अखेर ऐदाब आले. समोर समुद्र होता आणि पलीकडे हिजाज. पण बंदरात गलबते नव्हती. तेथील बुजा राजाचे मिसरच्या तुर्की सैन्याशी युद्ध पेटले होते आणि त्यात गलबते बुडवली गेली होती. पलीकडे जाण्याचा कोणताही उपाय उरला नव्हता.

वाचकहो, आपण स्वतःला या जागी उभे करून पाहा. घर सोडून वर्ष होत आले आहे. ताप, एकाकीपणा आणि वाळवंट सोसून झाले आहे. एवढे सोसल्यावर माणसाच्या मनात हट्ट उभा राहतो, की आता याच वाटेने जाईन, नाहीतर जाणारच नाही. इब्ने बतूतांनी तसे केले नाही. समुद्रप्रवासासाठी जमवलेली शिधासामग्री त्यांनी विकून टाकली, ते आल्या वाटेने कूसला परतले आणि नीलच्या पुराच्या प्रवाहातून नावेने काहिऱ्याला आले. काहिऱ्यात केवळ एक रात्र काढून ते शामकडे निघाले.

ही माघार त्यांच्या चरित्रातील पराक्रमाची गोष्ट म्हणून कोणी सांगत नाही. माझ्या मते मात्र ती पूर्व आणि पश्चिमेच्या साऱ्या प्रवासांहून मोलाची आहे. कारण तेथे त्यांनी सिद्ध केले, की आपण वाटेसाठी निघालो नव्हतो, घरासाठी निघालो होतो. त्या घरासाठी, ज्याच्याकडे तोंड करून आपण दिवसातून पाच वेळा उभे राहतो.

गर्दीची वाट

9 रमजान 726 रोजी, ऑगस्ट 1326 मध्ये, ते दमिश्कला पोहोचले. शव्वालचा चाँद दिसताच हिजाजचा काफिला निघाला आणि ते त्यात सामील झाले. ही शांत वाट नव्हती. हजारो माणसे, उंटांच्या रांगा, कलकलाट आणि धूळ यांची ती वाट होती. तबूकला काफिला थांबे, उंटांना पाणी पाजले जाई आणि पुढील निर्जल पट्ट्यासाठी पखाली भरून घेतल्या जात. कारण पुढच्या खोऱ्यात पूर्वी उष्ण वाऱ्याने पाणी आटून हाजींचे बळी गेलेले होते. तेथे माणूस एकटा पडला असता तर वाचला नसता. गर्दीच त्याचे कवच होती.

मदीना मुनव्वरा येथे प्रेषितांच्या (स.) मस्जिदीत हाजिरी देऊन ते मक्केला पोहोचले आणि त्याच वर्षी त्यांचा पहिला हज पूर्ण झाला. हू गावच्या बुजुर्गांनी म्हटले होते, त्या शामच्याच वाटेने.

हजनंतर ते इराकच्या काफिल्यासोबत निघाले. त्या काफिल्यात इतकी गर्दी होती, की खूण न ठेवता माणूस बाजूला गेला तर त्याला आपली जागा पुन्हा सापडत नसे. त्या वाटेवरील तलाव आणि विहिरी खलीफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांच्या दानातून झालेल्या होत्या. पाचशे वर्षांनंतरही हाजी त्यांचे पाणी पीत होते आणि त्यांच्यासाठी दुआ करत होते.

आपल्या भूमीत

पुढील आयुष्य आपण थोडक्यात पाहू. 1333 मध्ये ते सिंधू नदीवर आले. मुहम्मद बिन तुघलकाने त्यांना दिल्लीचे काझी नेमले. संपत्ती आली आणि तिच्यासोबत कर्जही आले. सुलतानाच्या रोषास पात्र ठरलेल्या एका शेखांना भेटल्याच्या संशयावरून त्यांच्यावर पहारा बसला, तेव्हा रोजे आणि कुरआन पठण हाच त्यांचा आधार होता. सुटका झाल्यावर त्यांनी जवळचे सर्व वाटून टाकले आणि काही महिने ते एका विरक्त बुजुर्गांच्या सहवासात राहिले.

1342 मध्ये सुलतानाचे दूत म्हणून चीनकडे निघाले असता ते आपल्या महाराष्ट्रातून गेले. दौलताबादचा किल्ला त्यांनी पाहिला, नंदुरबारला मुक्काम केला आणि तेथील मराठ्यांचे हस्तकौशल्य, त्यांचा भात-भाजीचा शाकाहार व जेवणापूर्वीची स्वच्छता यांची नोंद केली. पुढे समुद्रमार्गे ते गोव्यालाही आले.

चोवीस वर्षांनी, 1349 मध्ये, ते मोरोक्कोला परतले. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना दमिश्कमध्येच मिळाली होती आणि ती पंधरा वर्षे जुनी होती. आईला त्यांच्या आगमनापूर्वी महामारीने नेले होते. कबरीवर दुआ करण्याखेरीज मुलाच्या हाती काही उरले नव्हते. त्यांच्या प्रवासाचा वृत्तांत इब्ने जुझय्य यांनी लिहून 1355 मध्ये पूर्ण केला. आयुष्याची अखेर इब्ने बतूतांनी मायदेशी काझी म्हणून केली.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे कष्ट हे इबादतीचे साधन असतात, साध्य नव्हे. सहीह बुखारीत नोंद आहे, की प्रेषितांनी (स.) एका वृद्धाला दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून ओढत चालताना पाहिले. त्याने काबागृहापर्यंत पायी जाण्याचा नवस केला होता. या माणसाने स्वतःला असे यातनेत टाकण्याची अल्लाहला गरज नाही, असे स्पष्ट करून प्रेषितांनी (स.) त्याला वाहनावर बसण्याची आज्ञा दिली. ज्या तरुणाला पायी जावेसे वाटते, त्याने ही हदीस आधी वाचावी.

दुसरी गोष्ट, वाट बंद असेल तर निय्यत बंद होत नाही. आपल्या कोकणातील दाभोळ बंदराची परंपरा असे सांगते, की बीजापूरच्या राजघराण्यातील आयेशा बीबी हजसाठी तेथे आल्या, परंतु समुद्र सुरक्षित नसल्याने त्यांना निघता आले नाही. तेव्हा आलिमांच्या सल्ल्याने प्रवासाचे धन त्यांनी मस्जिदीच्या बांधकामाला लावले. दाभोळची ती देखणी मस्जिद आजही खाडीकाठी उभी आहे. सोडतीत नाव न आल्याने खिन्न झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही हकीकत जरूर सांगा.

तिसरी आणि शेवटची गोष्ट आईवडिलांची आहे. फर्ज हजसाठी निघणे हे इब्ने बतूतांचे कर्तव्य होते. पण हज झाल्यावर त्यांचे पाऊल घराकडे वळले नाही, आणि जेव्हा वळले तेव्हा दार उघडायला कोणी उरले नव्हते. ज्यांचे आईवडील हयात आहेत, त्यांच्यासाठी जन्नतची एक वाट घरातच आहे. तिच्यावर गर्दी नाही, तिला परवाना लागत नाही आणि ती फार काळ उघडी राहत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना मकबूल हज नसीब करो, आपली निय्यत निर्मळ ठेवो आणि जी वाट त्याच्या प्रसन्नतेकडे नेते तीच आपल्यासाठी सोपी करो. आमीन.