डॉ. हार्वे वायली व औषधावरील चिठ्ठी

पावसाळा सुरू झाला कीं घरोघर सर्दीपडशाचा अंमल सुरू होतो. मुलें शिंकूं लागतात, वडील माणसें डोकें धरून बसतात, आणि कोणी तरी कोपऱ्यावरच्या दुकानांतून चार गोळ्या व खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन येतो. त्या पाकिटावर व बाटलीवर बारीक अक्षरांत कांहीं मजकूर छापलेला असतो. तो वाचणारे थोडे. आणि तसा मजकूर छापणें औषधवाल्यांस भाग पडावें म्हणून एका मनुष्यानें आपल्या आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें वेंचलीं, हें जाणणारे त्याहूनहि थोडे. त्या मनुष्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

हार्वे वॉशिंग्टन वायली यांचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना संस्थानांत, केंट नांवाच्या खेड्याजवळ, ता. १८ आक्टोबर १८४४ रोजीं झाला. वडील शेतकरी होते. शेती सांभाळून ते ख्रिस्ती मंडळीपुढें उपदेशहि करीत. गुलामगिरीचे ते कट्टे शत्रु असून, दक्षिणेंतून पळून आलेल्या गुलामांस उत्तरेकडे पोंचविण्याच्या गुप्त कामांत त्यांचा हात होता. कायद्यापेक्षां सत्य मोठें मानणाऱ्या अशा घरांत वाढलेल्या मुलाच्या हातून पुढें एक कायदाच घडून यावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. यादवी युद्धाच्या काळांत, १८६४ सालीं, हार्वे शिक्षण मध्येंच सोडून कांहीं महिने सैन्यांत गेले व तेथें आजारी पडून परत आले. १८६७ सालीं त्यांनीं हनोवर कॉलेजाची पदवी मिळविली. मग कांहीं काळ त्यांनीं ग्रीक व लॅटिन शिकविलें. १८७१ त वैद्यकाची पदवी घेतली. परंतु रोग्यांच्या नाडीपेक्षां त्यांचें मन परीक्षानळींतच अधिक रमे. हार्वर्ड येथें विज्ञानाचा अभ्यास पुरा करून १८७४ सालीं ते नव्यानेंच उघडलेल्या पर्ड्यू विद्यापीठांत रसायनशास्त्राचे अध्यापक झाले.

येथील एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस आवडेल. त्या काळीं सायकलचें पुढचें चाक पुरुषभर उंच असे. असल्या सायकलवर बसून हे अध्यापकमहाशय कॉलेजास जात, आणि सायंकाळीं विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळत. विश्वस्तांस हें रुचलें नाहीं. त्यांनीं वायलींस सभेपुढें बोलावून खरडपट्टी काढली. त्यांना चाकावर बसलेल्या माकडाची उपमा देण्यापर्यंत मजल गेली. वायलींनीं लागलीच राजीनामा लिहून दिला. परंतु इतका चांगला शिक्षक जाऊं देणें विश्वस्तांसहि परवडण्यासारखें नव्हतें, आणि तो कागद परत करण्यांत आला. प्रस्तुत लेखक शिक्षकच असल्यामुळें ही हकीकत लिहितांना त्याच्या मनास थोडें समाधान होतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

१८७८ सालीं वायली जर्मनीस गेले. साखर, काकवी, मध यांची रासायनिक परीक्षा कशी करावी हें ते तेथें शिकले. परत आल्यावर त्यांनीं इंडियानांतील बाजारचा मध व पाक तपासला, तों पुष्कळशा बाटल्यांत मक्यापासून काढलेल्या ग्लूकोजची भेसळ निघाली. हाच त्यांच्या आयुष्याचा खरा आरंभ. १८८३ सालीं वॉशिंग्टन येथें शेतकी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणून ते कामावर रुजू झाले व त्या जागेवर सुमारें एकोणतीस वर्षें राहिले.

त्या वेळच्या औषधांच्या बाजाराची कल्पना आज आपल्यास सहसा येणार नाहीं. औषधांत काय आहे हें सांगण्याचें बंधन कोणावर नव्हतें. पडशावरील एका अतिशय खपणाऱ्या औषधांत चतुर्थांशाहून अधिक मद्यार्क असे, आणि दारूस न शिवणारीं सोंवळीं कुटुंबें तें चमचाचमचा निर्धास्तपणें घेत. नाकांत ओढावयाच्या कित्येक पुडींत कोकेन असे. खोकल्याच्या औषधांत अफू, मॉर्फिन, व १८९८ पासून पुढें हेरॉइनसुद्धां घालीत. रडणारें मूल शांत करण्याकरितां मिळणाऱ्या पाकांत मॉर्फिन असल्यामुळें मूल शांत होई खरें. परंतु कित्येक मुलें त्या झोंपेंतून पुन्हां उठलीं नाहींत.

आणि डोकेंदुखीच्या पुड्या! यांचा इतिहास विशेष आहे. १८८६ सालीं स्ट्रासबुर्ग येथें कान व हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांवर नॅफ्थालिनचा प्रयोग करीत होते. जंत कांहीं गेले नाहींत, पण रोग्याचा ताप मात्र उतरला. चौकशीअंतीं असें कळलें कीं औषधवाल्यानें चुकून भलतेंच द्रव्य दिलें होतें. तें द्रव्य म्हणजे ॲसिटॅनिलाइड. तें स्वस्त होतें व त्यानें ताप आणि ठणका दोन्ही उतरत. म्हणून लवकरच डोकेंदुखी व सर्दीतापाच्या असंख्य पुड्यांत तें शिरलें. परंतु त्याच्या सेवनानें रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होते. ओंठ व नखें निळीं पडत, हृदय क्षीण होई, आणि वारंवार घेणाऱ्यास त्याची संवय जडे. पुडीवर या द्रव्याचें नांवहि नसे. उलट ती अगदीं निरुपद्रवी असल्याची ग्वाही मात्र ठळक अक्षरांत असे.

याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अमेरिकन काँग्रेसपुढें शंभराहून अधिक बिलें आलीं आणि गेलीं. कारखानदारांची शक्ति मोठी, आणि वर्तमानपत्रांचें उत्पन्न औषधांच्या जाहिरातींवर चाललेलें. नुसत्या अहवालांनीं लोक जागे होत नाहींत हें वायलींनीं ओळखलें. १९०२ सालीं त्यांनीं आपल्या खात्याच्या तळघरांत एक भोजनगृह उघडलें. बारा निरोगी तरुण, बहुतेक खात्यांतीलच कारकून, तेथें फुकट जेवूं लागले. अट इतकीच कीं अन्न टिकविण्यासाठीं व्यापारी जीं द्रव्यें वापरीत तीं त्यांच्या जेवणांत घातलीं जातील. आरंभीं टांकणखार लोण्यांत लपवून देत. तो लोण्यांत आहे असा संशय येतांच ते तरुण लोणी टाळूं लागले. मग तो दुसऱ्या पदार्थांत घातला, तेहि नावडते झाले. तेव्हां शेवटीं उघडउघड कॅप्सूलमध्यें भरून देऊं लागले. पुढें सॅलिसिलिक ॲसिड, गंधकाचीं द्रव्यें, बेंझोइक ॲसिड व फॉर्मल्डिहाइड यांची पाळी आली. रोज वजन, ताप, नाडी यांची नोंद होई. वर्तमानपत्रकारांनीं या मंडळीस विषपथक असें नांव दिलें, आणि देशभर त्यांच्यावर गाणीं व विनोद झाले. शास्त्रीय दृष्टीनें पाहतां हा प्रयोग सदोष होता. तेंच अन्न, परंतु त्या द्रव्यांवांचून, खाणारी दुसरी टोळी तुलनेस ठेवावयास हवी होती, ती नव्हती. बेंझोइक ॲसिडापासून होणारें सोडियम बेंझोएट थोड्या प्रमाणांत आजहि खाद्यपदार्थांत चालतें. परंतु आपण काय खातों हा प्रश्न त्या तळघरांतून घरोघर गेला, हें खरें.

१९०५ सालीं सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकारानें कॉलियर्स साप्ताहिकांत पेटंट औषधांचें बिंग फोडणारी लेखमाला लिहिली. स्त्रियांच्या मंडळांनीं गांवोगांवीं सभा घेतल्या. वायली त्यांपुढें अथक व्याख्यानें देत. पुढच्या वर्षीं शिकागोच्या खाटिकखान्यांविषयींची अप्टन सिंक्लेअर यांची कादंबरी निघाली आणि लोकक्षोभ आवरेनासा झाला. ता. ३० जून १९०६ रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. या कायद्यानें ॲसिटॅनिलाइड, अफू किंवा मद्यार्क यांवर बंदी आली नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कायद्याचें म्हणणें एवढेंच होतें कीं हीं, आणि कोकेन, हेरॉइन, आपल्याकडील भांगगांजा इत्यादि ठराविक द्रव्यें औषधांत असतील तर त्यांचीं नांवें व प्रमाण चिठ्ठीवर छापलें पाहिजे, आणि चिठ्ठीवर खोटें लिहितां कामा नये. वायलींचा भरंवसा आईबापांच्या वाचण्यावर होता.

कायद्याखालीं न्यायालयांत चाललेला पहिला खटला डोकेंदुखीच्या औषधाचाच निघाला. वॉशिंग्टनमधील हार्पर नांवाचा गृहस्थ ॲसिटॅनिलाइड, कॅफीन व मद्यार्क यांचें मिश्रण मेंदूचें अन्न म्हणून विकीत असे. १९०८ सालीं ज्यूरीनें त्यास दोषी ठरविलें. त्यास ७०० डॉलर दंड झाला, जो त्याच्या नफ्याच्या मानानें कांहींच नव्हता. १९०९ सालीं वायलींच्या खात्यानें ॲसिटॅनिलाइडच्या अपायांविषयीं स्वतंत्र पुस्तिकाच काढली.

वायलींचा स्वभाव मात्र तडजोडीचा नव्हता. रूझवेल्ट यांचे डॉक्टर त्यांस रोज सॅकरिन देत. त्यांच्यासमोर वायली सॅकरिनला बिनदिक्कत हानिकारक म्हणून गेले, आणि अध्यक्षांचा विश्वास गमावून बसले. कोकाकोलामधील कॅफीनविरुद्ध त्यांच्या आग्रहानें झालेला खटलाहि १९११ सालीं खालच्या न्यायालयांत हरला. जेथें पुरावा पुरता नव्हता तेथेंहि ते तितक्याच जोरानें बोलत, हा त्यांचा दोष मान्य केला पाहिजे. १९१२ सालीं, वरिष्ठांच्या अडथळ्यांस कंटाळून, त्यांनीं राजीनामा दिला. या वेळीं मात्र तो परत आला नाहीं. आदल्याच वर्षीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, त्यांनीं ॲना केल्टन या स्त्रीमताधिकाराच्या चळवळींतील बाईंशीं विवाह केला होता. त्यांस पुढें दोन पुत्र झाले. गुड हाउसकीपिंग मासिकाची प्रयोगशाळा हातीं घेऊन ते गृहिणींसाठीं लिहूं लागले.

आतां थोडें विषयांतर. १९४८ सालीं ब्रोडी व ॲक्सेलरॉड यांनीं न्यूयॉर्क येथें दाखविलें कीं ॲसिटॅनिलाइड पोटांत गेल्यावर त्याचें बहुतांशीं दुसरेंच द्रव्य बनतें, आणि ताप व वेदना तें दुसरें द्रव्य घालवितें. रक्त बिघडविणारा अंश निराळा. तें दुसरें द्रव्य म्हणजे आज घरोघर असणारें पॅरासिटामॉल. गेल्या श्रावणांत आमच्या मंडळींस ताप, पडसें व अंगदुखी एकदमच झाली. तिन्हींकरितां मीं तीन पाकिटें आणलीं. चौथ्या वर्गाच्या वह्या बाजूस सारून सहज तीं वाचूं लागलों, तों तापाच्या गोळींत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, सर्दीच्या गोळींत तेंच ५००, आणि अंगदुखीच्या गोळींत पुन्हां ३२५. दिवसांतून चार वेळां तिन्ही घेतल्या असत्या तर सुमारें सहा ग्रॅम झालें असतें. प्रौढ माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा चार ग्रॅम आहे, आणि यकृत अधू असणाऱ्यांस किंवा नित्य मद्य घेणाऱ्यांस तीहि जास्त. अतिमात्रेनें यकृत निकामी होतें, आणि पहिला दिवसभर रोग्यास विशेष कांहीं जाणवतहि नाहीं. मींच पदवीधर असून दुकानांत पाकिटें उलटून पाहिलीं नव्हतीं. मुलांची मात्रा तर वजनावरून ठरते. ॲस्पिरिन त्यांस सर्दीतापांत डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून देऊं नये. आणि सर्दीवर सर्रास मिळणारें क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिन यांचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊं नये असें चिठ्ठीवर छापण्याचा हुकूम आपल्या सरकारनें २०२३ सालीं काढला आहे.

चिठ्ठीनें सर्वच संकटें टळत नाहींत. १९३७ सालीं अमेरिकेंत डायएथिलिन ग्लायकोल या विषारी द्रवांत कालविलेल्या एका औषधानें शंभराहून अधिक माणसें मेलीं. तेव्हां वायलींच्या हाताखालीं तयार झालेले वॉल्टर कॅम्बेल त्या खात्याचे प्रमुख होते, आणि औषध विक्रीस येण्यापूर्वींच निर्धोक असल्याचें दाखविलें पाहिजे असा कायदा १९३८ त झाला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा आहे. तरी त्याच द्रवाच्या भेसळीनें १९८६ त मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत चौदा रोगी दगावले, आणि २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा भागांत खोकल्याच्या औषधानें वीसाहून अधिक बालकें गेलीं; त्यांपैकीं कित्येकांस उपचारांसाठीं नागपुरास आणलें होतें. असल्या विषाचें नांव कोणत्याच बाटलीवर नसतें. तें प्रयोगशाळेंतच पकडावें लागतें, आणि वायलींनीं आपलें बरेंचसें आयुष्य अशाच प्रयोगशाळेंत घालविलें.

कायद्यावर सही झाल्यास बरोबर चोवीस वर्षें झालीं त्याच दिवशीं, म्हणजे ३० जून १९३० रोजीं, वॉशिंग्टन येथें वायली यांचा अंत झाला. वय पंचायशी होतें. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय स्मशानभूमींत त्यांस पुरलें आहे. १९५६ सालीं कायद्यास पन्नास वर्षें झालीं तेव्हां अमेरिकेच्या टपालखात्यानें तीन सेंटांचें एक तिकीट काढलें. त्यावर त्यांचा चेहरा आहे.