नावे न सांगणारा शास्त्रज्ञ

विद्वान माणूस सत्तेपुढे ताठ उभा राहतो की वाकतो, यावर त्याची खरी उंची ठरते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांच्या आयुष्याकडे आम्ही याच नजरेने पाहतो.

२८ फेब्रुवारी १९०१ रोजी ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात त्यांचा जन्म झाला. औषधाचे दुकान चालवणारे वडील १९१० साली वारले आणि घरात ओढाताण सुरू झाली. मुलाने शिक्षण सोडून कमावते व्हावे, असे आईला वाटे. पॉलिंग मात्र पडेल ते काम करीत शिकले आणि १९२५ साली कॅलटेक या संस्थेतून डॉक्टर झाले. अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, याचा त्यांनी छडा लावला. त्याबद्दल १९५४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांच्या एका शोधाचा आमच्या वस्त्यांशी थेट संबंध आहे. सिकलसेल आजाराचे मूळ रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९४९ साली सिद्ध केले. विदर्भातील आदिवासी व बौद्ध कुटुंबांनी हे दुखणे पिढ्यान्पिढ्या सोसले आहे. ते पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि करणीही नव्हे. तो आईवडिलांकडून मुलाकडे आलेला रेणूतला बदल आहे.

हिरोशिमा-नागासाकीनंतर पॉलिंग प्रयोगशाळेबाहेर पडले. पत्नी अॅव्हा हेलन या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. अणुचाचण्यांतून उडणारे स्ट्रॉन्शियम-९० दुधावाटे लेकरांच्या हाडांत शिरते, हे ते सभासभांतून सांगू लागले. जानेवारी १९५८ मध्ये त्यांनी ९ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन संयुक्त राष्ट्रसंघाला दिले.

सत्तेने याची किंमत वसूल केली. १९५२ सालीच त्यांचा पासपोर्ट अडवला गेला होता. १९५८ साली दबावामुळे विभागप्रमुखपद सोडावे लागले. १९६० साली सिनेटच्या उपसमितीने त्यांना पाचारण केले आणि सह्या गोळा करणाऱ्यांची नावे मागितली. तुरुंग समोर दिसत असतानाही पॉलिंग यांनी नावे दिली नाहीत. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या तरुणांची आयुष्ये उद्ध्वस्त होतील, हे ते जाणून होते. कार्यकर्त्यांना सत्तेच्या हवाली करून स्वतःची कातडी वाचवणारे पुढारी आम्ही कमी पाहिले आहेत काय?

१० ऑक्टोबर १९६३ रोजी हवेतील, पाण्याखालील व अवकाशातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार अमलात आला. त्याच दिवशी पॉलिंग यांना १९६२ सालचे शांततेचे नोबेल जाहीर झाले. कोणाशीही वाटून न घेता दोन नोबेल मिळवणारे ते आजवरचे एकमेव गृहस्थ.

परंतु आम्ही व्यक्तिपूजा मानत नाही. १९६८ साली याच पॉलिंग यांनी सिकलसेलचे जनुक बाळगणाऱ्या तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, अशी सूचना केली. दोन वाहकांचे लग्न टळावे आणि आजारी मूल जन्मू नये, हा हेतू होता. पण अमेरिकेत हा आजार प्रामुख्याने काळ्या समाजात आढळतो. गुलामगिरीचे वळ अंगावर असलेल्या माणसांच्या कपाळी आणखी एक शिक्का! ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना अशा खुणेचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हेतू चांगला असला तरी माणसाची प्रतिष्ठा विसरलेले विज्ञान घातकच ठरते.

१९ ऑगस्ट १९९४ रोजी पॉलिंग यांचे निधन झाले. त्यांचा शोध आणि त्यांचे धैर्य आम्ही घ्यावे, ती खूण मात्र ठामपणे नाकारावी. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली आहे. आमच्या मुलामुलींनी लग्नाआधी रक्त जरूर तपासून घ्यावे. मात्र तपासणीचा कागद ज्याचा त्याच्या हाती राहावा. त्यावरून कोणाच्या घराला नाव ठेवले जात असेल, तर ते थांबवणे हेही चळवळीचेच काम आहे.