पृथ्वीची मोजणी करणारे एव्हरेस्ट

मुलांनो, जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे विचारले तर तुम्ही चटकन माउंट एव्हरेस्टचे नाव घ्याल. परंतु ज्यांचे नाव या शिखराला मिळाले, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते शिखर स्वतः मोजले नव्हते. त्यांचे खरे काम वेगळेच होते. त्या कामाचा एक महत्त्वाचा भाग वऱ्हाडात झाला.

जॉर्ज एव्हरेस्ट यांचा जन्म 4 जुलै 1790 रोजी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यात दाखल होऊन भारतात आले. गणिताची त्यांना फार आवड होती. त्या काळी विल्यम लॅम्बटन हे दक्षिणेकडून उत्तरेकडे भारताची मोजणी करीत होते. 1802 साली मद्रासजवळ या कामाला सुरुवात झाली होती. 1818 साली एव्हरेस्ट यांची त्यांचे मदतनीस म्हणून नेमणूक झाली.

ही मोजणी कशी करीत, ते समजून घ्या. प्रथम सपाट जमिनीवर साखळीने एक रेषा अतिशय काळजीपूर्वक मोजत. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे दुर्बिणीच्या यंत्राने पाहून कोन मोजत. भूमितीत तुम्ही शिकला आहात, की त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले, की उरलेल्या बाजू काढता येतात. अशा त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही माणसे पुढे सरकत. या कामी शेकडो भारतीय मजूर, निशाणवाले व खलाशी राबत. जंगलातील तापाने त्यांपैकी अनेकांचे प्राण गेले. स्वतः एव्हरेस्टही तापाने आजारी पडले.

20 जानेवारी 1823 रोजी वर्ध्याजवळील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. त्यांचे काम एव्हरेस्ट यांच्याकडे आले. तेव्हा वऱ्हाडावर निजामाची सत्ता होती. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, या भागात टाकळखेडा नावाचे मोजणीचे एक प्रमुख ठाणे होते. तेथे एव्हरेस्ट यांनी डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचे वेध घेतले आणि ते ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेस किती अंशांवर आहे, हे ठरवले.

येथे एक अडचण होती. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो, तसाच ओळंबा या यंत्रालाही लागे. पण उत्तरेकडील डोंगरांचा प्रचंड भार ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढत होता. ही ओढ डोळ्यांना दिसत नव्हती. एव्हरेस्ट यांनी मात्र तिचा हिशेब मांडला.

पुढे सिरोंज येथे पोहोचेपर्यंत त्यांची प्रकृती फार ढासळली. हातापायांत बळ उरले नव्हते. दोन माणसे त्यांना उचलून यंत्रापाशी बसवीत आणि वेध घेऊन झाल्यावर पुन्हा उचलून खाली आणीत. 1825 साली ते विश्रांतीसाठी इंग्लंडला गेले. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. वऱ्हाडातून गेलेल्या या मोजणीच्या आधारे त्यांनी पृथ्वीचा आकार ठरवला. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिची विषुववृत्तावरील त्रिज्या त्यांच्या हिशेबाने सुमारे 6377 किलोमीटर भरते. 1830 साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. याच मापावर पुढे भारताचे नकाशे तयार झाले.

त्याच वर्षी ते भारताचे सर्व्हेअर जनरल होऊन परतले. आता त्यांच्याकडे अधिक चांगली साधने होती. आपली जुनी मोजणी पुरेशी अचूक नाही, हे ओळखून त्यांनी सिरोंजपासून बिदरपर्यंतचा सारा भाग पुन्हा मोजून घेतला. त्यात वऱ्हाडही आले. एवढ्या लांबच्या अंतरावर शेवटी फरक उरला तो केवळ काही इंचांचा! अर्काटचे कुशल कारागीर सय्यद मीर मोहसिन हुसेन यांनी या कामाची नाजूक यंत्रे दुरुस्त केली. बंगालचे राधानाथ सिकदार यांनी गणिते केली. एव्हरेस्ट यांचा स्वभाव तापट होता. हाताखालच्या माणसांशी ते अनेकदा कठोरपणे वागत. तरीही या दोघांची गुणवत्ता त्यांनी जाणली होती.

1843 साली ते निवृत्त झाले. 1865 साली शिखराला त्यांचे नाव मिळाले आणि 1 डिसेंबर 1866 रोजी त्यांचे निधन झाले.

तुम्ही म्हणाल, या जुन्या मोजणीचा आज काय संबंध? अमरावती-अकोल्याचा जुना सरकारी नकाशा आणि उपग्रहाच्या मापावर केलेला नवा नकाशा संगणकावर एकावर एक ठेवून पाहा. पूर्णा नदी एक असूनही दोन जागी दिसेल. दोन्ही नकाशांत शंभर मीटरांहून अधिक अंतर पडेल. यात नकाशा काढणाऱ्याची चूक नाही. जुन्या नकाशासाठी पृथ्वीचे माप एव्हरेस्ट यांचे आहे, तर नव्यासाठी उपग्रहांवरून ठरलेले आहे. नव्या मापात पृथ्वीची त्रिज्या सुमारे 861 मीटरांनी जास्त धरली आहे आणि तिचा मध्यबिंदूही वेगळ्या जागी मानला आहे. म्हणून दोन्ही नकाशांवर एकाच गावाचे अक्षांश-रेखांश वेगवेगळे येतात. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वसामान्यांसाठीचे नकाशे नव्या मापावर काढण्यात येऊ लागले. जुना नकाशा वापरायचा तर आधी त्याचे आकडे नव्या मापात बदलून घ्यावे लागतात. तसे न करता विहीर किंवा शेताची हद्द दाखवली, तर ती शेजाऱ्याच्या रानात जाऊन पडेल!

मुलांनो, कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या मापाने मोजला आहे, हे आधी विचारा. आणि आपलेच काम अपुरे वाटले, तर एव्हरेस्ट यांच्याप्रमाणे ते पुन्हा करायला लाजू नका.