रक्त मोजणारा यंत्रकार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकीकडे टॉवेल-चादरींचे माग खडखडत असतात, तर दुसरीकडे मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट तयार होतात. येथील प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीचा माल परदेशातही जातो. कॅमशाफ्ट म्हणजे ठरावीक जागी उंचवटे असलेला फिरता दांडा. उंचवटा आला की समोरचा भाग उचलला जातो, उंचवटा सरला की तो खाली बसतो. ही युक्ती आठशे वर्षांपूर्वी कामाला लावणारा एक कारागीर होता अल-जझारी. वैद्यकाच्या इतिहासातही त्याला जागा आहे.

त्याचा जन्म बाराव्या शतकातला. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांमधल्या वरच्या प्रदेशाला जझीरा म्हणत, त्यावरून त्याचे नाव पडले. आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकीर येथे अर्तुकी राजांच्या पदरी त्याने पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाकरी केली. राजा नासिरुद्दीन महमूदच्या सांगण्यावरून त्याने आपल्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला. १२०६ मध्ये तो पूर्ण झाला. त्यात पाण्याची घड्याळे, कारंजी, पाणी उपसण्याची यंत्रे अशी पन्नास उपकरणे आहेत. दुसऱ्या कारागिराला ती बनवता यावीत म्हणून त्याने भागांची मापे आणि जोडणीचा क्रमही दिला. करून न पाहिलेल्या गोष्टीवर त्याचा भरवसा नव्हता.

राजाच्या मेजवानीसाठी त्याने तलावात तरंगणारी वादकांची नाव बनवली. पाण्याच्या चाकाने आतला दांडा फिरे. दांड्यावरच्या खुंट्या छोट्या तरफांना ढकलत आणि तरफांच्या दुसऱ्या टोकाला बांधलेले बाहुल्यांचे हात वाद्यांवर पडत.

मोटारीच्या बऱ्याच इंजिनांत रॉकर आर्म हेच काम करतो. एका बाजूने कॅम त्याला ढकलतो, दुसऱ्या बाजूने तो व्हॉल्व्ह उघडतो. टेकूपासून दोन्ही बाजूंच्या लांबीचे प्रमाण दीड असेल, तर कॅमने दिलेली ६ मिलिमीटरची उचल व्हॉल्व्हपाशी ९ होते. प्रमाण १.६ केले तर ती ९.६ होते. व्हॉल्व्ह उघडायला कधी लागायचा आणि कधी बंद व्हायचा, हे मात्र कॅमचा आकारच ठरवतो. प्रमाण वाढले म्हणून तो एकूण काळ फारसा बदलत नाही. फरक पडतो तो मधल्या चालीत. व्हॉल्व्ह तेवढ्याच वेळात जास्त उंच जायचा असल्याने वेगाने चढतो आणि वेगाने उतरतो. त्यामुळे एखाद्या ठरावीक उंचीच्या, समजा १ मिलिमीटरच्या, वर तो थोडा अधिक वेळ राहतो. हवा आत-बाहेर जायला त्याचा फायदा होतो. पण जागा न मोजता प्रमाण वाढवले, तर स्प्रिंग पूर्ण दबून अडकू शकते किंवा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो.

मापाची हीच काळजी अल-जझारीने रोग्याच्या बाबतीतही घेतली. त्या काळी अनेक आजारांवर शीर कापून रक्त काढत. हा उपचार आता जवळजवळ मोडीत निघाला आहे. तेव्हा तो सर्रास चाले आणि रक्त किती गेले हे नजरेच्या अंदाजाने ठरवले, तर रोगी दगावण्याची भीती असे. अल-जझारीने यासाठी चार प्रकारची तबके बनवली. तबकात पडलेले रक्त खालच्या टाकीत उतरे. टाकीतला तरंगता भाग वर येई, त्याच्या दोरीने तबकावरचा बाहुला वळे आणि त्याच्या हातातली लेखणी किंवा काठी आकड्यावर टेके. किती रक्त गेले, हे वैद्याला दिसे आणि रोग्यालाही.

आज रक्तदान शिबिरात रक्ताची पिशवी वजनकाट्यावर ठेवलेली असते. दात्याच्या वजनाप्रमाणे ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त भरले की सुई काढतात. पुढच्या वेळी रक्त देताना त्या काट्याकडे जरूर पाहावे. दाता सुखरूप घरी जातो, त्यात त्या मापाचा मोठा वाटा असतो.