अंध ऑयलर व त्याची संख्या

२,१४,७४,८३,६४७ ही संख्या वाचकांनीं एकदां नीट पाहावी. दोन हा अंक एकतीस वेळां मांडून सर्वांचा गुणाकार केला व त्यांतून एक वजा केला, म्हणजे ती मिळते. १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही पूर्णांकानें तिला निःशेष भाग जात नाहीं; अशा संख्येस मूळ संख्या म्हणतात. हें ज्यानें प्रथम सिद्ध केलें, त्यास त्या वेळीं वाचण्याइतकीही दृष्टि उरली नव्हती. त्याचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

लिओनार्ड ऑयलर हा स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं १५ एप्रिल १७०७ रोजीं जन्मला. बाप धर्मोपदेशक, मुलानेंही तोच मार्ग धरावा ही त्याची इच्छा. परंतु योहान बेर्नुली या थोर गणितज्ञानें मुलाची बुद्धि ओळखून बापाचें मन वळविलें. १७२७ सालीं ऑयलर रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्सभेंत दाखल झाला. तेथेंच त्याचा उजवा डोळा अधू झाला. १७४१ पासून पंचवीस वर्षें त्यानें बर्लिन येथें काढलीं. तो वृत्तांत विस्तारभयास्तव आम्ही गाळतों.

१७६६ सालीं तो सेंट पीटर्सबर्गास परतला, तोंच डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु वाढला. १७७१ सालीं घरास आग लागली. बाझलच्याच पीटर ग्रिम नांवाच्या कारागिरानें आंत शिरून या आंधळ्या वृद्धास खांद्यावर घेऊन बाहेर काढलें. त्याच वर्षीं शस्त्रक्रिया होऊन थोडे दिवस दिसूं लागलें, पण तेंही सुख टिकलें नाहीं. ऑयलर मात्र मनांत गणित करी व मुलांकडून आणि शिष्यांकडून लिहवून घेई.

याच स्थितींत १७७२ सालीं त्यानें वरील संख्येचा निकाल लावला. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनें १६४४ सालींच ती मूळ म्हणून सांगितली होती, पण पुरावा दिला नव्हता. साध्या रीतीनें पाहूं जातां ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनें भागून पाहावें लागतें. असे भागाकार पांच हजारांच्या जवळपास होतात! येथें फर्मा यानें पूर्वीं हेरलेला एक नियम उपयोगी पडला. विद्यार्थ्यांनीं तो पाटीवर पडताळावा. दोन अकरा वेळां घेऊन गुणाकारांतून एक वजा केल्यास २,०४७ येतात. त्याचे अवयव २३ व ८९. अकराच्या दुपटीनें, म्हणजे २२ नें, दोहोंस भागा. बाकी १ च उरते. त्याचप्रमाणें आमच्या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवास ६२ नें भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. शिवाय ८ नें भागल्यास १ किंवा ७ उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या कीं २४८ नें भागून १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्याच तपासावयाच्या राहतात, आणि त्या शंभराहूनही कमी! त्यांपैकीं एकीनेंही भाग गेला नाहीं. डोळस असूनही एवढे भागाकार बिनचूक करण्याचा आम्हांस भरंवसा वाटत नाहीं.

१८ सप्टेंबर १७८३ रोजीं ऑयलर वारला. त्याच्या संख्येपासून एक एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या निघते; ६ = १ + २ + ३ याप्रमाणें जी आपल्या लहान भाजकांच्या बेरजेइतकी असते, ती परिपूर्ण. हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी कधीं शोधणार नाहीं, असें बार्लो या इंग्रज गणितज्ञानें १८११ सालीं लिहून ठेवलें. १८७६ सालीं ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें एकोणचाळीस अंकी मूळ संख्या सिद्ध करून तें खोटें ठरविलें.